मधली शंभर तिकिटे

हिशेब तपासणाऱ्या माणसाचे स्वागत कोठेही मनापासून होत नाही, ही गोष्ट आम्ही नोकरीच्या पहिल्याच महिन्यात शिकलो. गाडीतून उतरलो की हमाल आमच्या पेटीला हात लावायला कचरत असे, चहावाला पैसे घ्यावेत की नाही या विचारात पडत असे, आणि स्टेशन-मास्तर उठून उभे राहत. परंतु त्या उभे राहण्यात आदरापेक्षा धास्ती अधिक असे. आमचा हुद्दा लांबलचक होता: ट्रॅव्हलिंग इन्स्पेक्टर ऑफ अकाउंट्स. स्टेशनावरची मंडळी त्यातली आद्याक्षरे तेवढी उच्चारीत, आणि गावातले लोक सरळ ‘ऑडिटर’ म्हणत. काटेकोरपणे पाहिले तर हे म्हणणे बरोबर नव्हे. खरे लेखापरीक्षण हे घटनेच्या १४८ व्या कलमान्वये नेमलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे काम. आम्ही रेल्वेच्याच हिशेब खात्यातले फिरते तपासनीस. पण ज्याची वही उघडली जाते, त्याला हा भेद सांगून काय उपयोग? त्याच्या दृष्टीने आम्ही ऑडिटरच होतो, आणि कालांतराने स्वतःच्या दृष्टीनेही झालो.

१९७१ साली आम्ही फिरतीवर आलो तेव्हा लोंढ्याच्या दोन्ही अंगांचे रूळ मीटर मापाचे होते. एक फाटा बेळगावावरून मिरजेला जाई, दुसरा कॅसलरॉकचा घाट उतरून, दूधसागराला वळसा घालून कुळे, मडगाव, वास्को करीत मुरगाव बंदराला भिडे. हा घाटाचा मार्ग १८८० नंतरच्या दशकात पोर्तुगीज राज्यासाठी बांधला गेला. अलीकडे कॅसलरॉकला हिंदुस्थानचा जकातनाका आणि पलीकडे कुळ्याला पोर्तुगीजांचा, अशी व्यवस्था कित्येक वर्षे चालली. १९५५ साली सरहद्द बंद झाली तेव्हा गाड्याही थांबल्या, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतरच तो दुवा पुन्हा जुळला. जुने नोकर त्या काळच्या गोष्टी सांगत: एकाच प्रवासात दोनदा उघडाव्या लागणाऱ्या ट्रंका, दोन तऱ्हेची नाणी, दोन सरकारे. आमच्या वेळी हे सारे संपले होते. उरले होते ते हिशेब, आणि ते मात्र कोणतेही सरकार आले तरी संपत नाहीत.

आमच्या कामाची पहिली अट अशी की, येण्याची वर्दी द्यायची नाही. अर्थात वर्दी पोहोचतच असे. आम्ही एका स्टेशनावर गाडीत बसलो की पुढच्या स्टेशनाला टेलिफोनवरून ‘पाहुणे निघाले’ एवढा निरोप जाई. उतरल्यावर प्रथम रोकड मोजायची. गल्ल्यातली मोजायची, तिजोरीतली मोजायची, आणि बुकिंगबाबूच्या खिशातलीही पाहायची. कामावर येताना खिशात स्वतःचे किती पैसे आहेत याची नोंद त्याला एका वहीत करावी लागे, आणि ती नोंद व खिसा यांचा मेळ आम्ही घालीत असू. आपल्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला ‘खिसा रिकामा करा’ असे सांगताना पहिल्या वर्षी आमची जीभ अडखळे. तिसऱ्या वर्षी ती अडखळेनाशी झाली. तेव्हा आम्हांला तो अनुभवाचा परिपाक वाटला होता.

रोकडीनंतर तिकिटे. आजच्या तरुण वाचकांनी पुठ्ठ्याचे तिकीट हातात धरलेही नसेल. सव्वादोन इंच लांब आणि सुमारे सव्वा इंच रुंद असा तो जाड तुकडा. त्याच्यावर ‘येथून’ आणि ‘येथपर्यंत’ अशी दोन गावे, भाडे, आणि एक क्रमांक. याचा जनक टॉमस एडमंडसन हा इंग्लंडातला एक स्टेशन-मास्तर. मूळचा तो लाकडी सामान करणारा कारागीर. त्याच्या आधी बाबू हाताने तिकिटे लिहून देत, आणि लिहिली किती, पैसे भरले किती, याला दाखला नसे. १८३० नंतरच्या दशकात एडमंडसनने पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ओळीने क्रमांक घालण्याची युक्ती काढली, आणि साऱ्या जगाच्या रेल्वेने ती उचलली. युक्ती साधी आहे. सकाळी नळीतले खालचे तिकीट कोणत्या क्रमांकाचे, ते लिहायचे. संध्याकाळी कोणते उरले, ते लिहायचे. दोहोंची वजाबाकी म्हणजे विकलेली तिकिटे, त्याला भाड्याने गुणले की जमा व्हायला हवी ती रक्कम. मधे माणसाच्या शब्दाला जागाच नाही. आम्हांला या व्यवस्थेचे फार कौतुक होते.

मालाच्या हिशेबाची कथा निराळी. डबा ठरलेल्या वेळात रिकामा केला नाही तर डॅमरेज, उतरलेला माल मुदतीत हलवला नाही तर वारफेज. मुरगावला जाणाऱ्या लोहखनिजाच्या वाघिणींचे वजन, पार्सलांच्या पावत्या, न उचललेल्या मालाचा लिलाव. त्यात चतुराईला वाव असे आणि भांडणालाही. परंतु या लेखात आम्हांला सांगायचे आहे ते पुठ्ठ्याच्या तिकिटांविषयीच.

त्याआधी आमच्या आणखी एका नियमाचा उल्लेख करायला हवा. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. लहान स्टेशनावर खाणावळ नसे. आम्ही डब्यात दशम्या आणि चटणी बांधून नेत असू, रात्री प्रतीक्षालयाच्या बाकावर वळकटी पसरून निजत असू, आणि चहाचे पैसे मोजून देत असू. मास्तरांच्या घरून पोह्यांची बशी आली तर हात जोडून परत पाठवीत असू. हा नियम चांगला होता, आजही आम्ही त्याला चांगलाच म्हणू. नियम चांगला असला म्हणजे तो पाळणाराही चांगला ठरतो असे मात्र नाही.

१९७६ सालची आषाढी एकादशी होऊन गेली होती. आणीबाणीचे दिवस, प्रत्येक कचेरीत शिस्तीचा धाक, आणि प्रत्येक साहेबाला कोठे ना कोठे कुचराई सापडलीच पाहिजे अशी घाई. आषाढीच्या आधीच्या आठवड्यात या भागातले वारकरी रेल्वेने मिरजेपर्यंत जात, आणि तेथे गाडी बदलून पूर्वीच्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून पंढरपूर गाठीत. त्यामुळे त्या दिवसांत लहानशा स्टेशनाच्या खिडकीवरही मिरजेच्या तिकिटांसाठी झुंबड उडे. अशाच एका स्टेशनावर आम्ही द्वादशीच्या दिवशी उतरलो. त्या स्टेशनाचे नाव येथे लिहीत नाही.

तेथले बुकिंगबाबू पन्नाशी उलटलेले गृहस्थ होते. गाव घाटाखाली, गोव्यात. बोलणे कोंकणी, लिहिणे शुद्ध मराठी, अक्षर मोत्यासारखे. आम्ही खिडकीच्या आत पाऊल टाकताच त्यांनी नमस्कार केला आणि केळीच्या पानाची एक लहानशी पुडी पुढे केली. गावच्या देवळातला प्रसाद होता. सकाळच्या गाडीने त्यांच्या पुतण्याने आणला होता. खोबऱ्याचा तुकडा, थोडा गूळ, एक चाफ्याचे फूल. आम्ही म्हणालो, ‘‘आधी काम होऊ द्या.’’ त्यांनी पुडी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. ती अखेरपर्यंत तेथेच राहिली. पोह्यांची बशी आणि देवाचा प्रसाद यांत आम्ही भेद केला नाही. किंबहुना हा माणूस प्रसाद पुढे करतो आहे त्याअर्थी वहीत काहीतरी आहे, असेच आमच्या मनाने घेतले.

आणि वहीत खरोखरच काहीतरी होते. पाच दिवसांपूर्वीच्या पानावर मिरजेच्या शंभर तिकिटांची रक्कम, सुमारे साडेचारशे रुपये, कमी पडली होती. ती रक्कम म्हणजे त्यांचा जवळजवळ एका महिन्याचा पगार. तूट त्यांनी स्वतःच्याच हाताने नोंदवली होती. आम्ही खुलासा विचारला. ते म्हणाले, ‘‘साहेब, त्या गठ्ठ्यात मधली तिकिटे नव्हतीच. ४३९९ नंतर एकदम ४५०० आले. गर्दीत मला ते कळले नाही. रात्री वजाबाकी केली तेव्हा कळले.’’

आम्ही तिकिटांची आवक-वही मागवली. छापखान्याकडून आलेले गठ्ठे ‘मोजून घेतले, बरोबर’ असा शेरा आणि खाली त्यांचीच सही. आम्ही बोट ठेवून विचारले, ‘‘मोजली होतीत ना?’’ त्यावर ते खरे तेच बोलले. ते म्हणाले, ‘‘एकेक तिकीट मोजले नाही. प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला आणि शेवटचा क्रमांक पाहिला. मागच्याशी जुळला, पुढच्याशी जुळला. गठ्ठ्याची जाडीही इतरांसारखीच होती.’’ हे उत्तर आम्हांला कबुलीजबाबासारखे वाटले. सही खोटी, तर बाकीचे खरे कशावरून?

मग त्यांनी एक विनंती केली. मिरजेला उतारूंकडून गोळा केलेली तिकिटे तपासणीसाठी हिशेब कार्यालयात येत, हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, ‘‘त्या थैल्या उघडून पाहा. ४४०० ते ४४९९ यांतले एक जरी तिकीट सापडले तर मी चोर.’’ आम्ही म्हणालो की, यात्रेच्या गर्दीत फाटकावर सगळी तिकिटे गोळा होत नाहीत, तेव्हा न सापडण्याने काहीच सिद्ध होत नाही. उत्तर चटपटीत होते. ते चुकीचेही होते. दहा-वीस तिकिटे निसटतील. परंतु शंभरांपैकी एकही न सापडणे, आणि त्यांच्या मागची-पुढची मात्र सापडणे, हा पुरावाच ठरला असता. हे आम्हांला त्याच रात्री वळकटीवर पडल्यापडल्या सुचले होते. तरीही आम्ही ती विनंती अहवालात लिहिली नाही. थैल्या शोधायच्या म्हणजे दोन दिवसांचे काम, आणि पुढच्या आठवड्याची फिरती आधीच मंजूर झालेली.

निघताना ते आमच्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत आले. एवढा वेळ मराठीत बोलणारा माणूस तेथे आपल्या घरच्या भाषेत म्हणाला, ‘‘म्हजें मातशें आयकात.’’ माझे थोडे ऐका. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि गाडीत चढलो.

अहवालात आम्ही लिहिले की, या प्रकरणी हलगर्जी स्पष्ट असून अपहाराचा संशय नाकारता येत नाही. हे उत्तरार्धातले वाक्य लिहिण्याची गरज नव्हती. तूट आहे, सही आहे, खुलासा असा आहे, एवढे लिहून भागले असते. परंतु ते वाक्य असल्याशिवाय अहवालाला वजन येत नाही असे आमच्या खात्यात मानले जाई, आणि आमचीही तीच समजूत होती. पुढे चौकशी बसली, रक्कम पगारातून हप्त्यांनी कापली जाऊ लागली, वार्षिक वाढ थांबली. आम्ही दुसऱ्या विभागाच्या फिरतीवर गेलो आणि हे प्रकरण विसरलो.

पुढल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीस, शेकडो मैल दूरच्या एका स्टेशनावर नुकताच नोकरीस लागलेला एक पोरगा आम्हांला भेटला. नवा असल्यामुळे तो नियम अक्षरशः पाळी. आलेल्या गठ्ठ्यातले तिकीट न् तिकीट मोजी. त्याने एक जुना अर्ज दाखवला. एका गठ्ठ्यात ७२९९ नंतर ७४०० आले होते, आणि ही गोष्ट त्याने त्याच दिवशी वर कळवली होती. गाव निराळे, भाडे निराळे, पण छपाईचा महिना तोच आणि छापखानाही तोच. क्रमांक घालणाऱ्या यंत्रातले शतकाचे चाक एका घराऐवजी दोन घरे सरकले होते. आम्ही तो अर्ज हातात धरून बराच वेळ उभे राहिलो. तो पोरगा घाबरला. आपलेच काही चुकले की काय, असे त्याला वाटले असावे.

आम्ही मिरजेच्या त्या थैल्यांची चौकशी केली. ठेवण्याची मुदत संपल्यामुळे त्या नष्ट झाल्या होत्या. सुदैवाने छापखान्याच्या दुरुस्ती-वहीत त्याच सुमारास यंत्र दुरुस्त केल्याची नोंद निघाली. आम्ही सविस्तर पत्र लिहिले, स्वतःचा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता असे त्यात नमूद केले, आणि वर्षभराच्या लिखापढीनंतर बुकिंगबाबूंची कापलेली रक्कम परत मिळाली, थांबलेली वाढही मिळाली. कागदावर तोटा शून्य झाला. वरिष्ठांनी आमच्या सचोटीबद्दल चार शब्द चांगलेही लिहिले.

या दिवसांत आम्ही एकदा सहज शब्दकोश चाळत होतो. ‘ऑडिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे असे तेथे वाचले. पूर्वी हिशेब लिहिणारा ते वाचून दाखवी आणि तपासणारा ऐके. तो ऐकणारा म्हणून ऑडिटर. आपल्याकडेही हिशेब समोरासमोर घेण्याची रीत जुनीच आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात हिशेबनीसांनी वर्षाचे हिशेब घेऊन आषाढात हजर व्हावे असे सांगितले आहे, आणि अपहाराचे चाळीस प्रकारही नोंदवले आहेत. चाळीस प्रकार आम्हांला परीक्षेसाठी पाठ होते. ऐकण्याचा अर्थ मात्र पाच वर्षे फिरल्यावर, एक आषाढ वाया घालवल्यावर कळला.

१९८३ साली कामानिमित्त मडगावला गेलो असता आम्ही वाट वाकडी करून त्यांच्या गावी गेलो. ते निवृत्त झाले होते. देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून पोथी वाचीत बसले होते. आम्हांला त्यांनी ओळखले. ‘‘येयात, बसात,’’ म्हणाले, आणि चटईवर जागा करून दिली. इकडचे तिकडचे बोलणे झाले. गोव्यातल्या देवळांच्या व्यवस्थेची वाचकांना माहिती असेलच: महाजनांमधून समिती निवडली जाते, तिच्यात अध्यक्ष, चिटणीस, मुखत्यार, खजिनदार. बोलता बोलता कळले की, १९७६ साली हे गृहस्थ देवस्थानचे खजिनदार होते, सलग तिसऱ्या वेळी. आमच्या अहवालातले ते वाक्य घाट उतरून गावात पोहोचले, त्यावेळी त्यांना कोणी काही विचारले नाही. त्यांनीच पुढच्या सभेत पेटीची किल्ली समोर ठेवली. पुढे रेल्वेचे पत्र आले, ते महाजनांना वाचून दाखवले गेले, किल्ली परत घ्या म्हणून मंडळींनी आग्रहही केला. त्यांनी ती घेतली नाही.

‘‘का घेतली नाहीत?’’ आम्ही विचारले.

‘‘नवे खजिनदार चांगले बघतात,’’ ते म्हणाले. ‘‘आणि मलाही आता आकडे पाहिले की दोनदा मोजावेसे वाटतात. देवाच्या कामात उगाच खोळंबा.’’

आम्ही क्षमा मागण्यासाठी शब्द जुळवीत होतो. तेवढ्यात त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘‘त्या मिरजेच्या थैल्या तुम्ही पाहिल्या होत्या का?’’

‘‘नाही,’’ आम्ही म्हणालो. ‘‘पाहायला हव्या होत्या.’’

त्यांनी मान हलवली. एवढे विचारायचे त्यांच्या मनात सात वर्षे होते असे आम्हांला वाटले. आरतीची वेळ झाली, ते उठले. आरतीनंतर भटजींनी सगळ्यांना प्रसाद दिला. आमच्या हातावर मात्र तो त्यांनी स्वतः आणून ठेवला. खोबरे आणि गूळ. आम्ही तो तेथेच खाल्ला.

त्यानंतर आम्ही चोवीस वर्षे नोकरी केली. खरे चोरही पुष्कळ पकडले, आणि त्यांच्याविषयी आम्हांला कधी हळहळ वाटली नाही. उतारूंच्या आणि देशाच्या पैशावर हात मारणारा माणूस दयेला पात्र असतोच असे आम्ही मानत नाही. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी पाळल्या. समोरच्या माणसाने जो पुरावा पाहायला सांगितला तो पाहिल्यावाचून अहवाल लिहिला नाही. आणि जे वाक्य सिद्ध करता येणार नाही ते ‘नाकारता येत नाही’ अशा आडवाटेने कागदावर उतरवले नाही. यामुळे आमचे अहवाल आखूड झाले, आणि फिरतीचे दिवस वाढले. त्याबद्दल दोनदा ठपकाही आला.

आता ते सारे मागे पडले आहे. १९९० नंतरच्या दशकात या मार्गाचे रूळ रुंद झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिकीट आता यंत्रातून निघते, क्रमांक यंत्रच घालते आणि वजाबाकीही तेच करते. शतकाचे चाक राहिले नाही. तरी यंत्र चुकणार नाही असे कोणी सांगू लागले की आम्हांला ४३९९ आणि ४५०० हे आकडे आठवतात.

निवृत्तीनंतर आमच्या गावच्या देवस्थानचे हिशेब तपासण्याचे काम मंडळींनी आमच्यावर सोपवले आहे. अभिषेकाच्या पावत्या, दानपेटीची मोजणी, उत्सवाचा खर्च, तेलवातीचे बिल. साडेचारशे रुपयांची चूक येथेही होऊ शकते. वर्षअखेरच्या सभेत खजिनदार उभे राहून हिशेब मोठ्याने वाचतात आणि सगळे महाजन ऐकतात. पुष्कळांना ही पद्धत जुनाट वाटते. छापील प्रती वाटून मोकळे व्हावे असे तरुण मंडळी सुचवतात. प्रती अवश्य वाटाव्यात. पण वाचन बंद करू नये असा आमचा आग्रह असतो, आणि त्याचे कारण आजवर आम्ही सभेत सांगितलेले नाही. सभेच्या आदल्या दिवशी आम्ही खजिनदारांच्या घरी जातो. वही उघडण्याआधी ती बाजूला ठेवतो आणि विचारतो, ‘‘तुम्हांला काही सांगायचे आहे का?’’ बहुधा काही नसते. ते चहा आणतात. तो आम्ही घेतो. मग वही उघडतो.